खोक्यातला खर्ज

संगणकासाठी स्वस्तातले स्पीकर घ्यायला आपण दुकानात जातो, तेव्हा पुढे मांडलेल्या जोड्या दिसायला साधारण सारख्याच असतात. तळहातावर मावेल असे प्लास्टिकचे खोके, पुढे जाळी, मागून निघालेली वायर. फरक असतो तो वेष्टनावरच्या आकड्यांत. १९९० च्या दशकात संगणक घरांत आणि शाळांत येऊ लागले, तेव्हा या मुठीएवढ्या खोक्यांवर शेकडो वॅटचे आकडे छापलेले असत आणि त्यापुढे 'पीएमपीओ' अशी चार अक्षरे. शाळेच्या सादिलमधून किंवा घरखर्चातून पैसे काढणाऱ्याने विश्वास ठेवायचा कोणावर, आकड्यावर की दुकानदारावर? गाणे ऐकायचे असेल तर दोघांवरही नको, असे माझे मत आहे. लहान खोक्यातून काय निघू शकते आणि काय नाही, याचा हिशेब संगणक येण्यापूर्वीच मांडला गेला होता. तो कसा मांडला गेला ते पाहू या.

तारेचे वेटोळे चुंबकाच्या फटीत ठेवून त्यातून बदलता विद्युतप्रवाह सोडला की ते पुढेमागे हलते. या रचनेचे पेटंट वेर्नर सीमेन्स यांनी १८७४ साली घेतले, पण त्यातून बोलणे किंवा गाणे काढायचे त्यांच्या मनात नव्हते. टेलिफोन यायलाच अजून दोन वर्षे होती. १८९८ साली इंग्लंडमध्ये ऑलिव्हर लॉज यांनी हेच वेटोळे वापरून ध्वनिवर्धकाचे पेटंट घेतले. तेही वाया गेल्यासारखेच झाले, कारण क्षीण विद्युतसंदेश मोठा करणारा प्रवर्धक तेव्हा अस्तित्वातच नव्हता.

मोठा आवाज पहिल्यांदा काढला तो कर्ण्याने. पीटर जेन्सन हा डॅनिश तंत्रज्ञ आणि एडविन प्रिडहॅम हा त्याचा अमेरिकन सहकारी यांनी कॅलिफोर्नियातल्या नापा गावी हलत्या वेटोळ्याला ग्रामोफोनचा कर्णा जोडला. १९१५ च्या नाताळच्या आदल्या रात्री सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनापुढे जमलेल्या गर्दीने त्यातून भाषण आणि संगीत ऐकले. त्यांनी या यंत्राचे नाव ठेवले 'मॅग्नाव्हॉक्स', म्हणजे लॅटिनमध्ये 'महान आवाज'. १९१९ साली राष्ट्राध्यक्ष विल्सन सॅन दिएगोच्या मैदानात हजारो लोकांपुढे बोलले ते याच कर्ण्यांतून.

आपल्याकडे लग्नाच्या मांडवात किंवा जत्रेत कर्णा ऐकलेल्यांना त्याचा दोष सांगायला नको. आवाज कोसभर जातो, पण नाकातून आल्यासारखा. कारण साधे आहे. कर्ण्याच्या तोंडाचा परीघ ध्वनीच्या तरंगलांबीइतका असेल तरच तो स्वर नीट बाहेर पडतो. ५० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ६.८ मीटर. म्हणजे कर्ण्याचे तोंड दोन मीटरहून अधिक व्यासाचे हवे! मांडवाच्या खांबाला बांधलेल्या कर्ण्यातून मृदंगाची धूम येत नाही ती यामुळे.

कर्णा काढून टाकण्याचे काम जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी केले. १९२५ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निबंध या विषयातला सर्वांत महत्त्वाचा म्हणावा लागेल, कारण आज आपल्या टेबलावर, मोटारीत आणि दूरदर्शन संचात असलेले बहुतेक स्पीकर तत्त्वतः त्यांचेच आहेत. वेटोळ्याला एक छोटा कागदी शंकू चिकटवायचा आणि तो कडेने अगदी सैल बांधायचा. सैल का? कंप्रता वाढत जाते तसा शंकू आपल्या जडत्वामुळे कमी हलतो. पण त्याच वेळी हवेवरची त्याची पकड वाढत जाते. एकीकडचा तोटा दुसरीकडच्या फायद्याने भरून निघतो आणि सर्व स्वर सारख्याच जोराने बाहेर पडतात. मात्र हे जमते शंकूच्या स्वतःच्या नैसर्गिक कंप्रतेच्या वर. म्हणून ती कंप्रता संगीतातल्या खालच्या स्वरांच्याही खाली नेऊन ठेवायची. आधीच्या लोकांना या अनुस्पंदनाचा मोह पडत असे, कारण तिथे आवाज मोठा होतो. राइस-केलॉग यांनी ते जाणूनबुजून दूर सारले.

त्यांचा स्पीकर १९२६ साली बाजारात आला. त्यात एक वॅटचा प्रवर्धक बसवलेला होता. हो, एकच वॅट. आणि दिवाणखाना भरायला तो पुरत होता. किंमत अडीचशे डॉलरच्या घरात. फोर्डची स्वस्तातली मॉडेल टी मोटार तेव्हा साधारण तेवढ्यातच मिळत असे.

आता खोक्याचा प्रश्न. शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खालच्या स्वरांची तरंगलांबी कित्येक मीटर असल्याने मागचा तरंग वळसा घालून पुढे येतो आणि पुढच्याला मारतो. स्पीकर खोक्यातून काढून मोकळ्यावर वाजवून पाहा, खर्ज गायब होईल. विद्यार्थ्यांना दाखवायला हा उत्तम प्रयोग आहे. जुन्या खोक्यातला स्पीकर आणि एक भोक पाडलेला मोठा पुठ्ठा एवढ्यावर काम होते. पुठ्ठ्यावर टेकवताच आवाज भरतो.

मागचा तरंग कोंडायला बंद खोके केले, तर आतली हवा स्प्रिंगसारखी वागते. खोके जितके लहान तितकी स्प्रिंग कडक आणि तितकी नैसर्गिक कंप्रता वर. म्हणजे राइस-केलॉग यांनी जी खाली नेली होती ती पुन्हा वर आली. यावर १९५० पर्यंतचा उपाय एकच होता, कपाटाएवढे खोके. चांगले संगीत ऐकणे हा मोठ्या घरांचा शौक होता तो त्यामुळेही.

न्यूयॉर्कजवळच्या वुडस्टॉक गावी राहणाऱ्या एडगर व्हिलचर यांनी हा प्रश्न उलटा करून पाहिला. हवा स्प्रिंगसारखी वागतेच, तर तिलाच स्प्रिंग म्हणून कामाला लावावे. शंकूला धरून ठेवणारी कापडी-कागदी कड ताणली की वेडीवाकडी वागते. तिचा दाब हालचालीच्या प्रमाणात राहत नाही आणि आवाज फाटतो. हवा मात्र थोड्या हालचालीसाठी फार प्रामाणिक स्प्रिंग आहे. म्हणून कड नावापुरती, अतिशय सैल ठेवायची आणि शंकूला परत आणण्याचे काम कोंडलेल्या हवेकडे सोपवायचे. पहिल्या नमुन्याची कड व्हिलचर यांनी गादीच्या अभ्र्याच्या कापडाची केली. तिचा आराखडा काढून दिला त्यांच्या पत्नी रोझमेरी यांनी. ही कल्पना त्यांनी आधी प्रस्थापित कंपन्यांना देऊ केली, पण कोणी घेतली नाही. व्हिलचर न्यूयॉर्क विद्यापीठात ध्वनिपुनर्निर्मिती शिकवत असत. त्यांच्या वर्गातला हेन्री क्लॉस हा तरुण पुढे आला, आणि १९५४ साली दोघांनी केंब्रिज (मॅसॅच्युसेट्स) येथे 'अकूस्टिक रिसर्च' ही कंपनी काढली. त्यांचा 'एआर-१' सुमारे २५ इंच लांब, १४ इंच रुंद आणि ११ इंच खोल होता. पुस्तकांच्या फळीवर आडवा ठेवता येईल असा. त्यातून निघणारा खर्ज कपाटांना लाजवणारा होता. कंपनीने पुढे फाइन आर्ट्स क्वार्टेट या वादकसंचाबरोबर जाहीर कार्यक्रम केले. वादक मध्येच थांबून नुसते हात हलवत आणि स्पीकर सुरू होई. बदल नेमका कुठे झाला हे श्रोत्यांना सांगता येत नसे.

अर्थात फुकट काही मिळाले नव्हते. एआर-१ ला तेवढ्याच आवाजासाठी आधीच्या स्पीकरपेक्षा कितीतरी अधिक वॅट लागत. या सौद्याचा नियम मांडला जे. अँटन हॉफमन यांनी. क्लॉस यांनी १९५७ मध्ये माल्कम लो आणि हॉफमन यांच्यासह 'केएलएच' ही दुसरी कंपनी काढली, तिच्या नावातला 'एच' तो हाच. (प्रसिद्ध पियानोवादक योझेफ हॉफमन यांचा हा मुलगा.) 'हॉफमनचा पोलादी नियम' सांगतो की खोके लहान, खर्ज खोल आणि थोड्या विजेत मोठा आवाज या तीन गोष्टींपैकी दोनच एका वेळी मिळतात. कार्यक्षमता खोक्याच्या घनफळाच्या सम प्रमाणात असते आणि खालच्या कंप्रतामर्यादेच्या घनाच्या सम प्रमाणात. म्हणजे तेच खोके ठेवून एक सप्तक खाली उतरायचे, तर कार्यक्षमता आठपट घटते.

खोक्याला मोजून छिद्र ठेवायचे आणि मागच्या तरंगाचाच उपयोग करून घ्यायचा, ही युक्ती बेल प्रयोगशाळेतल्या अल्बर्ट थुरस यांनी १९३० मध्येच पेटंटसाठी नोंदवली होती. पण छिद्र किती, नळी केवढी, हे बराच काळ अंदाजपंचे चाले. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि सिडनी विद्यापीठात रिचर्ड स्मॉल यांनी १९७० नंतर त्याचे गणित बसवले. स्वस्त स्पीकरच्या मागे जी गोल नळी दिसते ती याची वंशज. गणित करून बसवली असेल तर उत्तम, नुसती शोभेची असेल तर खर्जाचा एकच सूर घुमत राहतो.

आता संगणकाकडे. १९८१ च्या आयबीएम पीसीत सव्वादोन इंची स्पीकर होता, पण त्याला चालू आणि बंद एवढेच ठाऊक. संगीत आले ते १९८९ च्या 'साउंड ब्लास्टर'सारख्या कार्डांनंतर आणि पाठोपाठ आलेल्या सीडी-रॉममुळे. टेबलावर जागा थोडी, आणि शेजारी काचेच्या नळीचा मॉनिटर. स्पीकरच्या चुंबकाने त्याच्या पडद्यावर रंगांचे डाग पडत. म्हणून चुंबकाला चुंबकीय आवरण घालावे लागे.

जागेच्या अडचणीवर तोडगा होता तो कानाच्या एका मर्यादेत. १०० हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी साडेतीन मीटरच्या जवळ, आणि आपल्या दोन कानांत अंतर वीतभरही नाही. इतका खालचा स्वर कोठून आला हे बंद खोलीत कानाला ठरवता येत नाही. मग खर्जाचे एकच मोठे खोके टेबलाखाली ठेवावे आणि वर दोन छोटे. अमर बोस यांच्या कंपनीने १९८७ साली घरगुती संगीतासाठी असा संच आणला होता. हेन्री क्लॉस यांनी १९८८ मध्ये 'केंब्रिज साउंडवर्क्स' काढली आणि त्या कंपनीने १९९० च्या दशकात संगणकासाठीही असे स्वस्त संच विकले. एआर-१ पाशी उभा असलेला तरुण चाळीस वर्षांनी संगणकाच्या टेबलापर्यंत पोचला, ही गोष्ट मला फार आवडते. याच दशकात 'साउंड ब्लास्टर'वाल्या क्रिएटिव्हने ती कंपनी विकत घेतली.

या रचनेचे स्वस्त अनुकरण कुठे फसते? वरची खोकी फारच लहान केली की त्यांना २०० हर्ट्झच्या खालचे जमत नाही. ते काम खालच्या खोक्याकडे जाते, आणि तेवढ्या वरच्या स्वराची दिशा मात्र कानाला कळते. पुरुषाचा आवाज टेबलाखालून येऊ लागतो. अशा संचापेक्षा तेवढ्याच पैशांत चार इंची शंकूची दोन साधी खोकी घेणे मी पसंत करीन. खर्ज थोडा कमी, पण गाणे एकसंध.

वॅटचे काय? शंभराचे दोनशे वॅट केले तर आवाज तीन डेसिबलने वाढतो, तो फरक जेमतेम जाणवतो. दुप्पट मोठा वाटायला साधारण दसपट वीज लागते. हातभर अंतरावर बसणाऱ्याला एक वॅटही पुष्कळ, हे १९२६ मध्येच दिसले होते. आणि पीएमपीओ? त्याची सर्वमान्य व्याख्याच नाही. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने १९७४ साली प्रवर्धकांची शक्ती सलग मोजून सांगण्याचा नियम केला तो अशाच फुगवलेल्या आकड्यांमुळे. आपण अ‍ॅडॉप्टर उलटा करून वाचावा. ९ व्होल्ट, १ अँपिअर असे लिहिले असेल तर आत ९ वॅट जातात. बाहेर सलग ४०० कसे निघतील, हे नववीतला विद्यार्थी सांगू शकेल.

दुकानात नेण्यासाठी मी दोन नमुने सुचवीन. एक, काळी एकच्या पट्टीतला तानपुरा. त्याच्या खर्जाच्या तारेचा मूळ स्वर ६९ हर्ट्झचा, आणि तीन इंची स्पीकर तो बहुधा काढतच नाही. तरी खर्ज ऐकू येतो! जवारीमुळे तारेत १३८, २०७, २७७ असे वरचे स्वर भरपूर असतात (रामन यांनी १९२१ साली यावर लिहिले आहे), आणि त्यांच्यातल्या समान अंतरावरून मेंदू मूळ स्वर भरून काढतो. गायब मूळ स्वराची ही करामत सीबेक यांना १८४० च्या दशकात सायरनवर दिसली होती. त्यामुळे तानपुरा लहान स्पीकरलाही बऱ्याच अंशी माफ करतो.

दुसरा नमुना डग्ग्याचा. मनगट दाबून काढलेला घिस्सा खालून वर सरकतो का, की एकाच सुरात धपधप होते, ते ऐकावे. आता मिळणाऱ्या छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर तो आधी हळू आणि मग आवाज पूर्ण वाढवून ऐकावा. हळू असताना घुमारा भरघोस येतो, कारण आतली चिप विजेची भर घालून खर्ज उचलते. आवाज वाढवला की शंकूची हालचाल संपते, चिप खर्ज मागे घेते, आणि डग्ग्याच्या जागी खोक्यावर टिचकी मारल्यासारखे ऐकू येते.