'अशनी': दुर्लक्षित राहिलेले ०.३२ बोअरचे देशी पिस्तूल

भारतातील नागरी शस्त्रपरवानाधारकाला कायद्याने बाळगता येणाऱ्या लहान शस्त्रांमध्ये 'अशनी' या अर्धस्वयंचलित पिस्तुलाचा समावेश होतो. पश्चिम बंगालमधील सरकारी आयुधनिर्माणींत तयार होत आलेले हे पिस्तूल ०.३२ बोअरचे, म्हणजेच ७.६५ मिलिमीटर व्यासाच्या काडतुसाचे आहे. 'अशनि' या संस्कृत शब्दाचा अर्थ वज्र किंवा वीज असा आहे. मराठी वाचकाला मात्र हा शब्द ऐकून आकाशातून पडणारा दगड आणि लोणारचे विवर आठवण्याची शक्यता अधिक. नाव इतके दणदणीत असूनही परवानाधारकांच्या पसंतीत हे शस्त्र नेहमीच रिव्हॉल्व्हरच्या मागे राहिले आहे.

मध्य प्रदेशातील जबलपूर शहरात हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. नेपियर टाउनसारख्या मध्यवर्ती वस्तीतून पूर्वेकडे निघाले की १९०४ साली स्थापन झालेली गन कॅरेज फॅक्टरी, पुढे व्हेइकल फॅक्टरी आणि खमरियाची दारूगोळा निर्माणी असा आयुधनिर्मितीचा पट्टाच लागतो. जीसीएफ, व्हीएफजे आणि ओएफके ही आद्याक्षरे येथील मराठी घरांतही रोजच्या बोलण्यातली आहेत. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या रेजिमेंटची प्रशिक्षण केंद्रे येथेच असल्याने निवृत्त सैनिकांची संख्या मोठी आहे. निवृत्तीनंतर सुरक्षारक्षकाची नोकरी किंवा स्वसंरक्षण या कारणांसाठी परवाना घेणारा माजी सैनिक शस्त्राच्या दुकानात जातो, तेव्हा रिव्हॉल्व्हर घ्यावे की पिस्तूल, हा प्रश्न त्याच्यापुढे असतोच.

त्याच्यापुढील पर्याय मुळात मर्यादित आहेत. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील नियमांनुसार सेनादले व पोलीस यांच्या वापरातील ९ मिलिमीटरचे काडतूस सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. त्यामुळे ज्या ९ मिमी पिस्तुलावर सैनिकाचा हात बसलेला असतो, ते निवृत्तीनंतर त्याला मिळू शकत नाही. हे सेवेतील पिस्तूल पश्चिम बंगालमधीलच ईशापूर येथे तयार होते. त्याचा आराखडा जॉन ब्राउनिंग आणि द्यूदोने सेव्ह यांनी घडविलेल्या, १९३५ साली बाजारात आलेल्या 'हाय पॉवर' पिस्तुलाचा असून त्याच्या मॅगझिनमध्ये १३ काडतुसे मावतात. परदेशी शस्त्रांची सर्वसामान्यांसाठीची आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंद आहे. उरतात ती देशी बनावटीची शस्त्रे आणि आयातबंदीपूर्वी देशात आलेली, हातोहात फिरणारी जुनी पिस्तुले.

देशी शस्त्रांमध्ये ०.३२ बोअरच्या रिव्हॉल्व्हरने पहिले स्थान पटकावले. वेब्ली मार्क ४ या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरवर आधारलेले हे सहा घरांचे शस्त्र कानपूरमधून देशभर गेले. २०१४ मध्ये सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे 'निर्भीक' आणि २०२३ मध्ये 'प्रबल' ही रिव्हॉल्व्हरे आली. त्यांचा प्रसारमाध्यमांत मोठा गाजावाजा झाला. दिल्लीतील २०१२ च्या अत्याचार प्रकरणाशी 'निर्भीक'चे नाव जोडले गेल्याने त्यावर वादही झडला. 'अशनी'च्या वाट्याला ना गाजावाजा आला, ना वाद.

रिव्हॉल्व्हरच्या लोकप्रियतेमागे सबळ कारण आहे. काडतूस फुटले नाही तर चाप पुन्हा ओढायचा, चक्र फिरते आणि पुढचे काडतूस समोर येते. पिस्तुलात मात्र न फुटलेले काडतूस नळीच्या घरातच राहते. स्लाइड हाताने मागे ओढून ते बाहेर फेकावे लागते आणि त्यासाठी दोन्ही हात व थोडा सराव लागतो. केवळ परवान्याच्या नूतनीकरणासाठीच शस्त्र कपाटातून बाहेर काढणाऱ्या माणसाकडून घाबरलेल्या क्षणी हे होईलच, याची खात्री देता येत नाही. अशा व्यक्तीने 'अशनी'च्या मागे लागू नये, हेच योग्य.

जो सराव करील, त्याच्यासाठी चित्र वेगळे आहे. पिस्तूल चपटे असते. रिव्हॉल्व्हरचे फुगीर चक्र कमरेला जाणवते आणि सदऱ्याखालून दिसते. पिस्तुलाचे तसे नाही. मॅगझिनमुळे ते पुन्हा भरणेही झटपट होते. या बोअरचे काडतूस सौम्य असल्याने नळी आणि स्लाइड यांना जोडणाऱ्या कुलूपयंत्रणेची गरज भासत नाही. स्लाइडचे वजन आणि मागची स्प्रिंग यांच्यावरच सारा भार असतो. रचना साधी, भाग कमी आणि साफसफाई सोपी, हा त्याचा लाभ. परंतु याच कारणाने स्प्रिंग ताठ ठेवावी लागते. वयस्क व्यक्तीला किंवा मनगटात जोर नसलेल्याला स्लाइड पूर्ण मागे ओढणे जड जाते. मूठ सैल धरून गोळी झाडली तर स्लाइड पुरती मागे जात नाही आणि रिकामे टरफल अडकते. दोष पिस्तुलाचा की हाताचा, हे ठरविण्यापूर्वी पकड तपासलेली बरी.

हाताळणीतील खरा धोका याहून वेगळा आहे. मॅगझिन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, हा समज अनेक घरांत आढळतो आणि तो जीवघेणा आहे. मॅगझिन बाहेर असले तरी एक काडतूस नळीत राहू शकते आणि चाप ओढताच ते फुटू शकते. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी स्लाइड ओढून मग मॅगझिन काढले, तरीही तेच घडते: पहिले काडतूस बाहेर पडते, पण स्लाइड पुढे येताना मॅगझिनमधील दुसरे नळीत चढते. म्हणून आधी मॅगझिन काढावे, नंतर स्लाइड मागे ओढून धरावी, नळीचे घर डोळ्यांनी पाहावे आणि बोटाने चाचपावे. तोपर्यंत नळीचे तोंड माणसांपासून दूर आणि बोट चापाबाहेर. रिव्हॉल्व्हरची सवय असलेल्याला हा क्रम नव्याने अंगवळणी पाडावा लागतो, कारण तेथे चक्र उघडताच सहाही घरे एका नजरेत दिसतात. २०१६ च्या शस्त्र नियमांनी नव्या अर्जदारासाठी सुरक्षित हाताळणीच्या प्रशिक्षणाची अट घातली आहे. ते प्रशिक्षण रिव्हॉल्व्हरवर झाले असेल, तर पिस्तूल घेताना पुन्हा शिकून घेण्यात कमीपणा नाही.

दुकानात काडतुसे मागताना केवळ '०.३२ ची द्या' असे म्हणणे पुरेसे नाही. पिस्तुलाचे काडतूस आणि रिव्हॉल्व्हरचे काडतूस ही दोन वेगळी काडतुसे आहेत. पिस्तुलाचे काडतूस ब्राउनिंग यांनी १८९९ साली तयार केले; ते आखूड असते. रिव्हॉल्व्हरचे 'स्मिथ अँड वेसन लाँग' हे लांब आणि रुंद काठाचे असते. गोळीचा व्यास जवळपास सारखा असला तरी एकाचे दुसऱ्यात वापरायचे नाही. पिस्तुलाच्या काडतुसालाही किंचित बाहेर आलेला काठ असतोच. मॅगझिन भरताना खालच्या काडतुसाचा काठ वरच्याच्या पुढे गेला तर दोन्ही एकमेकांत अडकतात आणि पिस्तूल बंद पडते. म्हणून प्रत्येक काडतूस मागे सारून बसवावे लागते. बंद पडण्याच्या तक्रारींपैकी काही तरी येथूनच येत असाव्यात.

या काडतुसाची ताकद किती? सुमारे ४.६ ग्रॅमची गोळी सेकंदाला सुमारे २९० मीटर वेगाने निघते आणि तिची ऊर्जा १७० ते २०० ज्यूलच्या घरात असते. ९ मिमीच्या गोळीची ऊर्जा याच्या दुपटीहून अधिक. तेव्हा सेवेतील पिस्तुलाशी तुलना करून 'अशनी'ला नावे ठेवणे न्याय्य नाही. ज्या वर्गातील ते आहे, त्या वर्गातील सारीच शस्त्रे इतक्याच ताकदीची आहेत. धक्का कमी बसतो, नेम लवकर सावरतो आणि खोलीच्या लांबीएवढ्या अंतरावर तेवढे पुरते.

आता किमतीचा विचार. 'निर्भीक' २०१४ मध्ये बाजारात आले, तेव्हा त्याची किंमत १ लाख २२ हजार ३६० रुपये होती आणि ती ऐकून अनेकांच्या भुवया उंचावल्या होत्या. दुसऱ्या बाजूला, आयातबंदीपूर्वीची जर्मन किंवा बेल्जियन बनावटीची ०.३२ पिस्तुले आजही अनेक लाखांत विकली जातात. ही किंमत त्यांच्या गुणवत्तेइतकीच त्यांच्या दुर्मीळतेची आहे. चाळीस वर्षांहून जुन्या पिस्तुलाची झिजलेली स्प्रिंग किंवा गहाळ झालेले मॅगझिन मिळविणे सोपे नसते. परदेशी ठसा पाहून पैसे मोजणाऱ्याला ही बाब सहसा खरेदीनंतर उमगते. 'अशनी'ची घडण तितकी गुळगुळीत नसते, पण ते नवे मिळते आणि त्याची निर्माती संस्था देशातच आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुधनिर्माणी मंडळ विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या, तेव्हा लहान शस्त्रांच्या निर्माणी कानपूरस्थित 'अ‍ॅडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड'कडे गेल्या. जबलपूरची गन कॅरेज फॅक्टरीही याच कंपनीत आहे.

खरेदीपूर्वी पिस्तूल रिकामे असल्याची खात्री करून स्लाइड दहा-पंधरा वेळा ओढून पाहावी. सेफ्टी लावल्यावर ती ठामपणे बसते का, मॅगझिन आत जाताना आणि बाहेर येताना अडखळते का, मॅगझिनच्या वरच्या कडा वाकलेल्या नाहीत ना, हे पाहावे. शक्य असल्यास दोन मॅगझिने घ्यावीत. निर्मात्याचे नाव आणि क्रमांक शस्त्रावर स्पष्ट असलाच पाहिजे. खुणा नसलेल्या शस्त्राचे हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ८ नुसार निषिद्ध आहे.

याच मध्य प्रदेशात, महाराष्ट्राच्या जळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या बडवानी जिल्ह्यातील उमर्टीसारख्या गावांतून बेकायदा पिस्तुले थोड्या हजारांत विकली जातात आणि पुण्या-मुंबईच्या गुन्ह्यांत सापडतात. जबलपूरलाही याची झळ बसली आहे. २०१८ मध्ये बिहारमधील मुंगेर येथे जप्त झालेल्या एके-४७ रायफलींचा माग थेट येथील केंद्रीय आयुध भांडारापर्यंत पोहोचला होता आणि पुढे तपास राष्ट्रीय तपास यंत्रणेकडे गेला. परवाना, क्रमांक आणि पावती यांच्या कटकटीला कंटाळलेल्या परवानाधारकाने हा संदर्भ लक्षात ठेवावा.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला तीनऐवजी दोनच शस्त्रे बाळगता येतात, तर परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे झाली आहे. लग्नाच्या वरातीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणे आता दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंडाला पात्र आहे. दोन्ही शिक्षाही होऊ शकतात. निवडणुका जाहीर झाल्या की अनेक परवानाधारकांना शस्त्र पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. परत घेताना पावतीवरील क्रमांक शस्त्राशी जुळवून पाहावा आणि नळी गंजलेली नाही ना, हे तपासावे. परवानाधारक ७० वर्षांचा झाल्यास किंवा शस्त्र २५ वर्षे बाळगल्यास, यांपैकी जे आधी होईल तेव्हा, कायदेशीर वारसाच्या नावे परवान्यासाठी अर्ज करता येतो. तेव्हा ५० व्या वर्षी घेतलेले पिस्तूल २० वर्षांनी मुला-मुलीच्या हाती जाऊ शकते. त्यांनी ते कधी चालविले नसेल, तर रिकामे करण्याचा क्रम आधी शिकवावा आणि अर्ज नंतर भरावा.