पहारेकऱ्याच्या हाती लेखणी कशी आली

शिवकालीन गडावर पहारा देणारा एक असे आणि लिहिणारा दुसरा. सभासदाच्या बखरीत गडाची व्यवस्था सांगितली आहे ती अशी : एक हवालदार, एक सरनोबत आणि एक सबनीस. तिघेही एकाच योग्यतेचे, आणि तिघांनी मिळून गडाचा कारभार पाहायचा. दरवाजांच्या किल्ल्या हवालदाराकडे, हजेरीपट आणि लिखापढी सबनिसाकडे, कोठारातल्या सामानाचा हिशेब कारखानिसाकडे. गड कुण्या एकाच्या मर्जीवर जाऊ नये, म्हणून अधिकाराची अशी वाटणी केलेली होती. गडाच्या पायथ्याशी आणि वाटांवर रामोशी, महार, बेरड रात्र जागवत. शत्रूची चाहूल पहिल्यांदा त्यांना लागे. लेखणी मात्र त्यांच्या हाती नव्हती.

आज सोसायटीच्या, कारखान्याच्या किंवा इस्पितळाच्या फाटकावर उभा असलेला सुरक्षा रक्षक ही दोन्ही कामे एकटा करतो. गाडीचा क्रमांक लिहितो, पाहुण्याची सही घेतो, चावी कुणी नेली ते टिपतो, शिफ्ट संपताना चार्ज देतो आणि काही घडलेच तर त्याचा अहवालही लिहितो. पाहणारा आणि लिहिणारा एकच होण्याला बराच काळ लागला. या प्रवासातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट म्हणजे पहाऱ्याच्या नोंदींची सुरुवात पहारेकऱ्यावर नजर ठेवण्यासाठी झाली. तो स्वतः साक्षीदार म्हणून लिहू लागला ते बरेच नंतर.

पेशवाई संपल्यावर दख्खनचा आयुक्त म्हणून माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने 1819 मध्ये नव्याने जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. त्यात गावच्या जागल्याची कामे सांगितली आहेत. रात्री पहारा करायचा, गावात कोण आले आणि कोण गेले ते पाहायचे, परक्या माणसावर लक्ष ठेवायचे, संशय आला तर पाटलाच्या कानावर घालायचे. गावातल्या प्रत्येक माणसाची चालचलणूक त्याला ठाऊक असली पाहिजे, अशीही अपेक्षा होती. आजच्या सुरक्षा रक्षकाच्या कामांची यादी याहून फारशी वेगळी नाही. फरक एवढाच, की जागल्याचे सारे दप्तर त्याच्या डोक्यात असे.

चोरी झाली की तो माग काढी. पावलांचे ठसे शिवेपर्यंत नेऊन शेजारच्या गावाच्या जागल्याला दाखवून दिले, की जबाबदारी त्या गावावर जाई. मग त्या गावाने माग पुढे न्यायचा, नाहीतर चोरीची भरपाई करायची. या रीतीत पुराव्याची एक पक्की समज होती. ठसा ताजा असताना पाहायचा, दुसऱ्याच्या समक्ष दाखवायचा आणि जबाबदारी कोणत्या क्षणी हस्तांतरित झाली हे दोघांनी मान्य करायचे. शिफ्ट बदलताना दोन रक्षक आज रजिस्टरवर सह्या करतात, त्यामागेही हेच तत्त्व आहे. परंतु वाद उशिरा उपटला तर जागल्याच्या बाजूने बोलायला कागद नसे. त्याचा शब्द पाटलाने मानला तर मानला.

इंग्लंडमध्ये पहारेकऱ्याची पहिली व्यवस्थित नोंद ठेवली ती यंत्राने. डर्बी गावचा जॉन व्हाइटहर्स्ट हा घड्याळजी आणि भूगर्भशास्त्राचा अभ्यासक. अठराव्या शतकात त्याने रात्रपाळीच्या पहारेकऱ्यांसाठी खास घड्याळे बनवली. घड्याळाच्या फिरत्या तबकडीच्या कडेने खुंट्या बसवलेल्या असत. पहारेकऱ्याने ठरलेल्या वेळी येऊन एक खुंटी आत दाबायची. वेळ टळली की ती खुंटी पुढे सरके आणि मग कितीही जोर लावला तरी दाबता येत नसे. सकाळी मालकाने तबकडी पाहिली, की बाहेर राहिलेल्या खुंट्या रात्रीच्या झोपेचा हिशेब देत. कापडाच्या, मातीच्या भांड्यांच्या, धातुकामाच्या कारखान्यांत मोठे भांडवल गुंतू लागले होते. रात्री आग लागली तर सगळेच जाणार, म्हणून पहारेकरी जागा आहे ना, याची खात्री मालकाला हवी होती.

व्हाइटहर्स्टचे घड्याळ एका जागी उभे असे. त्यामुळे पहारेकरी त्याच्याजवळच बसून राहिला तरी खुंट्या वेळेवर दाबल्या जात. ही अडचण जर्मनीतल्या श्वेनिंगन गावच्या योहानेस ब्यूर्कने सोडवली. 1855 मध्ये त्याने पहारेकऱ्याने बरोबर न्यायचे घड्याळ तयार केले. फेरीच्या वाटेवर ठिकठिकाणी साखळीने बांधलेल्या चाव्या असत आणि प्रत्येक चावीची खूण वेगळी. पहारेकरी त्या ठिकाणी पोचला की चावी घड्याळात घालून फिरवी आणि आतल्या कागदावर वेळेसमोर त्या जागेची खूण उमटे. घड्याळ उघडण्याची किल्ली मालकाकडे. अमेरिकेत या जातीची घड्याळे विसाव्या शतकात कारखान्यांपासून गोदामांपर्यंत सर्वत्र वापरात होती.

या कागदावर पहारेकरी कुठे होता आणि किती वाजता होता, एवढेच कळे. त्याने काय पाहिले, हे विचारायची त्यात सोयच नव्हती. कुलूप उघडे होते का, धुराचा वास आला का, अनोळखी माणूस जिन्यात भेटला का, या प्रश्नांची उत्तरे खुणांच्या ओळीत मावणारी नव्हती.

ती उत्तरे लिहिण्याची पद्धत लष्कराच्या गार्डरूममध्ये आणि पोलीस ठाण्यात घडली. भारतात 1861 च्या पोलीस कायद्याच्या 44 व्या कलमाने ठाण्याच्या अधिकाऱ्यावर रोजनिशी ठेवण्याचे बंधन घातले. आलेली प्रत्येक तक्रार, अटक केलेल्यांची नावे, त्यांच्याजवळ सापडलेला ऐवज आणि साक्षीदारांची नावे तीत लिहायची होती. महाराष्ट्रातल्या ठाण्यांत ‘स्टेशन डायरी’ या नावाने ही नोंदवही सगळ्यांच्या ओळखीची आहे. खासगी सुरक्षेच्या क्षेत्रात निवृत्त जवान आणि पोलीस मोठ्या संख्येने आले. हजेरी, गस्त, चार्ज, घटनांची नोंद अशी वेगवेगळ्या कामांची वेगवेगळी नोंदवही ठेवण्याची शिस्तही त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत पोचली.

अशा लिखाणाला न्यायालयात किंमत का, ते 1872 च्या भारतीय पुरावा कायद्याच्या 159 व्या कलमात सापडते. साक्षीदाराने घटना घडत असताना किंवा त्यानंतर लवकरच, आठवण ताजी असताना स्वतः लिहिलेले टिपण पाहून न्यायालयात आपली स्मृती जागवावी, अशी मुभा या कलमाने दिली. 2024 च्या जुलैपासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली असली, तरी ही तरतूद टिकून आहे. रक्षकाला ‘लगेच लिही, वेळ लिही, स्वतः लिही’ असे बजावले जाते त्याचे कारण यात आहे. खटला उभा राहीपर्यंत वर्षे जातात. दोन वाजता पाहिले की तीन वाजता, गाडी पांढरी की करडी, हे तोवर कुणाच्याही लक्षात राहत नाही आणि उलटतपासणी नेमकी तिथूनच सुरू होते.

पहारेकऱ्याच्या शब्दाला किती वजन येऊ शकते, हे मुंबईने 1959 मध्ये पाहिले. त्या वर्षी 27 एप्रिलला नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांच्यावर ‘जीवनज्योत’ इमारतीतल्या घरात गोळ्या झाडल्या. खाली इमारतीच्या पहारेकऱ्याने त्यांना अडवले. आहुजाचे आपल्या पत्नीशी संबंध होते म्हणून त्याला मारले, असे नानावटी यांनी त्याला सांगितले, अशी साक्ष त्या पहारेकऱ्याने दिली. झटापटीत चुकून गोळी सुटली, असा बचाव होता. 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली, त्या निकालात पहारेकऱ्याची साक्ष ग्राह्य धरली गेली. नामांकित वकील आणि वृत्तपत्रांच्या गदारोळात फाटकावरच्या माणसाने ऐकलेले एक वाक्य टिकून राहिले.

वॉशिंग्टनमध्ये 17 जून 1972 च्या रात्री जे घडले त्यात वाक्य लिहिलेलेही होते. वॉटरगेट संकुलात रात्रपाळीला असलेल्या 24 वर्षांच्या फ्रँक विल्सला तळघरातल्या दाराच्या कुलपावर चिकटपट्टी लावलेली दिसली. दार आपोआप बंद होऊ नये अशी ती लावलेली होती. सफाई कामगारांचे काम असेल, असे समजून त्याने ती काढून टाकली. पुढच्या फेरीत पाहतो तर पट्टी पुन्हा लावलेली. आता शंकेला जागा नव्हती. त्याने पोलिसांना फोन केला आणि नोंदवहीत 1 वाजून 47 मिनिटे ही वेळ टाकून लिहिले, की दारांवर पट्टी आढळली, तपासणीसाठी पोलिसांना बोलावले. पोलिसांनी सहाव्या मजल्यावर डेमोक्रॅटिक पक्षाच्या कार्यालयात पाच जणांना पकडले. तिथून सुरू झालेल्या तपासामुळे ऑगस्ट 1974 मध्ये राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांना राजीनामा द्यावा लागला.

विल्सची ती नोंद अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात जतन केलेली आहे. अहवाललेखनाचा धडा म्हणून ती आजही उपयोगी पडते. वेळ आहे, काय दिसले ते आहे, काय केले ते आहे. कोण असावे, कशासाठी आले असावे, याचा तर्क त्याने लिहिला नाही. विल्सच्या वाट्याला मात्र फारसे काही आले नाही. पुढची वर्षे त्याने हलाखीत काढली आणि 2000 मध्ये, 52 व्या वर्षी, त्याचे निधन झाले.

लिहिणाऱ्या माणसाच्या पोटापाण्याचा प्रश्न महाराष्ट्राने कायद्याच्या पातळीवर हाती घेतला, आणि तोही लवकर. माथाडी कामगारांसाठी 1969 मध्ये कायदा झाला होता. त्याच धर्तीवर 1981 मध्ये खासगी सुरक्षा रक्षकांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण यांसाठी राज्याने कायदा केला आणि सुरक्षा रक्षक मंडळ अस्तित्वात आले. रक्षकाची नोंदणी मंडळाकडे आणि मालकाचीही मंडळाकडे. मालकाने पगार आणि त्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने हजेरीप्रमाणे रक्षकाला पगार द्यायचा आणि भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजा यांची तजवीज करायची. मस्टरवरची सही ही तोवर मालकाची सोय होती. या व्यवस्थेत ती रक्षकाच्या हक्काची कागदोपत्री साक्ष झाली. पहारेकरी जागा होता का, हे तपासायला निघालेल्या नोंदीतून आता त्याने किती दिवस, किती तास काम केले हे त्यालाच सिद्ध करता येऊ लागले.

केंद्राचा कायदा आला 2005 मध्ये. त्याखालच्या 2006 च्या आदर्श नियमांनी प्रशिक्षणाची किमान मर्यादा 100 तास वर्गात आणि 60 तास प्रत्यक्ष कामावर अशी ठरवली. विषयांत अग्निशमन, गर्दीचे नियंत्रण, प्रथमोपचार, ओळखपत्रांची तपासणी आहे. इंग्रजी अक्षरे आणि अंक वाचता यावेत, पोलीस ठाण्यात प्रथम माहिती अहवाल कसा नोंदवतात ते माहीत असावे, अशीही अपेक्षा आहे. म्हणजे वाचणारा आणि फिर्याद देऊ शकणारा रक्षक कायद्याला हवा आहे.

लिहिण्याचे कसब बरेचसे सुपरवायझर शिकवतो तेवढेच मिळते. अनुभवी सुपरवायझर काय सांगतो? पानांना क्रमांक हवेत. मधली ओळ कोरी सोडायची नाही. चूक झाली तर खाडाखोड न करता एक रेघ मारायची आणि बाजूला सही करायची. डोळ्यांनी पाहिले ते आणि दुसऱ्याने सांगितले ते वेगळे लिहायचे. ‘संशयास्पद माणूस’ असे लिहू नये. उंची, कपडे, हातातली पिशवी, कोणत्या दिशेने गेला, हे लिहावे. रात्रभराच्या प्रत्येक तासासमोर ‘सर्व ठीक’ एकाच शाईने सकाळी भरून टाकले असेल, तर चोरीनंतर पहिला संशय लिहिणाऱ्यावरच येतो.

गेल्या काही वर्षांत फाटकावरचे रजिस्टर मोबाइलमध्ये गेले आहे. पाहुण्याचा फोटो ॲपमध्ये निघतो, घरमालकाच्या फोनवर परवानगीची विचारणा जाते. रात्रीच्या राउंडला भिंतीवरचा कोड स्कॅन केला, की जागा आणि वेळ आपोआप उमटते. ही सोय मोठी आहे आणि खोटी वेळ लिहिण्याला तिने आळा घातला आहे. पण भिंतीवरचा कोड ही ब्यूर्कच्या साखळीतली चावीच आहे. रक्षक तिथे होता, एवढेच ती सांगते. गच्चीच्या दाराची कडी सैल झाली आहे, तिसऱ्या मजल्यावर जळका वास येतो, पार्किंगमध्ये एकच गाडी सलग तीन रात्री आली, हे सांगायला त्या पडद्यावर बहुतेकदा दोन-चार तयार पर्याय असतात आणि मोकळी जागा नसते. ती जागा ठेवणे अवघड नाही. रक्षकाला मराठी किंवा हिंदी, जी भाषा लिहिता येते तीत चार ओळी लिहू देणे, लिहिता येत नसेल तर बोलून नोंदवू देणे आणि दुसऱ्या दिवशी त्या कुणीतरी वाचणे, एवढे तरी प्रत्येक सोसायटीला आणि प्रत्येक एजन्सीला करता येण्याजोगे आहे.