नऊवारी, नथ आणि बुलेट

गुढीपाडव्याच्या सकाळी गिरगावात शोभायात्रा निघते, तेव्हा ढोल-ताशांच्या गजरात बुलेटची धडधडही मिसळलेली असते. नऊवारी, नथ, डोक्यावर फेटा, डोळ्यांवर गॉगल. दुचाकीवर बसलेल्या या मुली-बायकांचे फोटो दुसऱ्या दिवशीच्या पेपरांत हमखास असतात. शोभायात्रेची ही प्रथा जुनी वाटते, पण वयाने ती लहान आहे. अशी स्वागतयात्रा 1999 साली डोंबिवलीच्या गणेश मंदिर संस्थानाने सुरू केली आणि पुढच्या काही वर्षांत ती गिरगावातही आली.

गिरगाव मुळात दुचाकीचा भाग नव्हेच. चर्नी रोड, ग्रँट रोड स्टेशन पायी गाठता यायचं, 1964 पर्यंत मुंबईत ट्राम होती, बस तर होतीच. चाळीत माणसांनाच जागा अपुरी, गाडी लावायची कुठे? आणि घरात गाडी आलीच, तर किल्ली बहुधा भावाच्या नाहीतर नवऱ्याच्या खिशात. बायकांच्या हाती हँडल आलं ते बरंचसं 1972च्या लूनामुळे, 1984च्या कायनेटिक होंडामुळे आणि 2001च्या अ‍ॅक्टिव्हामुळे. गिअर टाकायची कटकट नाही. कायनेटिकला तर बटण दाबलं की गाडी सुरू.

बुलेटचं तसं नव्हतं. 1955 मध्ये मद्रासला तिची जुळणी सुरू झाली ती लष्कराच्या मागणीमुळे. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाशी, ब्रेक डाव्या. अ‍ॅमीटरचा काटा पाहून, खटका दाबून मग किक मारायची. अंदाज चुकला की किक उलटी पायावर बसे. 2009च्या सुमारास त्याच कंपनीची क्लासिक 350 आली, बटणावर सुरू होणारी आणि डाव्या पायाशी गिअर असलेली. स्कूटरवरून बुलेटवर जाणं त्यानंतर पुष्कळ सोपं झालं.

तरी मिरवणुकीत गाडी चालवणं सोपं नाही. पुढे लेझीम थांबली की जवळजवळ दोनशे किलोची गाडी जागेवर तोलून धरायची. पहिला गिअर, हाफ क्लच, मागच्या ब्रेकवर हलका पाय. चैत्राच्या उन्हात इंजिन तापतं, डावा पंजा भरून येतो, काष्टा घट्ट नसेल तर लुगडं चेनमध्ये अडकायची धास्ती. पायी चालणाऱ्याहूनही हळू गाडी नेणं ज्या बाईला जमलं, तिला मोकळा रस्ता अवघड वाटत नाही. या पथकांकडे नुसती सजावट म्हणून पाहणं अन्यायाचं आहे.

नऊवारीतली ही स्वारी देशाबाहेरही गेली आहे. मार्च 2023 मध्ये रमिला लटपटे गेटवे ऑफ इंडियापासून एकट्या दुचाकीवर जगभ्रमणाला निघाल्या, त्याही नऊवारीत. जिथे वाहनं उजव्या बाजूने धावतात, त्या देशांत आपल्याकडच्या चालकाला वळणाची, चौकाची सगळी सवय नव्याने लावून घ्यावी लागते.

शोभायात्रांच्या आयोजकांना आणि या मुलींना एक विनंती. फेटा मिरवणुकीपुरता ठेवा. घरून येताना आणि परतताना डोक्यावर हेल्मेट असू द्या, मागे बसलेल्या मैत्रिणीच्याही.