सरकलेला पत्ता
आंबेगाव तालुक्याची कचेरी आंबेगावात शोधू नये. ती घोडेगावात आहे. मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्यात गेले. लिनक्समध्येही असाच घोटाळा झाला. संगणक कोसळताच स्मृतीची नक्कल टिपणारी केडम्प ही सोय २००५ साली लिनक्सच्या गाभ्यात आली. विवेक गोयल व हरिप्रसाद नेल्लितीर्थ तिच्या रचनाकारांपैकी होत. २०१४ पासून हल्लेखोरांना चकवण्यासाठी गाभा दर वेळी स्मृतीत वेगळ्या जागी बसवता येऊ लागला. मग नक्कल वाचणारे क्रॅश हे साधन जुन्याच पत्त्यावर जाई आणि नक्कल या गाभ्याची नाहीच, असे सांगे! उपाय आम्हांला मोठा घरगुती वाटतो: किती सरकलो तो आकडा गाभ्यानेच नकलेत लिहून ठेवायचा, साधनाने तेवढी बेरीज करायची. ही चिठ्ठीच नसेल, तर तो प्रोसेसरच्या रजिस्टरांवरून हुडकावा लागतो.