आयोवाच्या मुली आणि त्यांचे प्रेक्षक

अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाकडून केटलिन क्लार्क खेळू लागली आणि महिला बास्केटबॉलला प्रेक्षक मिळाले, असं सर्रास म्हटलं जातं. मला ते पटत नाही. क्लार्कच्या खेळाबद्दल वादच नाही. पण आयोवा राज्यात मुलींचा खेळ पाहायला लोक तिच्या जन्माआधी ऐंशी वर्षं जमत होते.

मुलींच्या बास्केटबॉलची सुरुवात मात्र बंद दाराआड झाली. मार्च १८९३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या स्मिथ कॉलेजात सेंडा बेरेन्सन यांनी मुलींचा सामना भरवला, तेव्हा पुरुषांना प्रवेश नव्हता. मुलींना झेपावं म्हणून मैदानाचे तीन भाग पाडलेले. आपला भाग सोडायचा नाही, दुसरीच्या हातातला चेंडू हिसकावायचा नाही.

अशा हातपाय बांधलेल्या खेळाला आयोवातल्या गावांनी डोक्यावर घेतलं. १९२५ मध्ये शालेय क्रीडा संघटनेनं मुलींच्या स्पर्धा बंद करायला घेतल्या, तर छोट्या गावांतल्या शाळाप्रमुखांनी बंड करून फक्त मुलींसाठी वेगळी संघटना काढली. माझ्या मते या साऱ्या इतिहासातलं सर्वांत मोलाचं काम हेच.

तिथे सहा-सहा जणी खेळत. तिघींनी फक्त बास्केट करायचे, तिघींनी फक्त अडवायचं. मधली रेषा ओलांडायची नाही, ड्रिबल दोनदाच. त्यामुळे एखादी नेमबाज एकटीच सामना पेटवू शके. राज्याच्या शालेय स्पर्धेचा १९६८ चा अंतिम सामना जादा वेळेत गेला : युनियन-व्हिटन ११३, एव्हर्ली १०७. विजेत्या डेनिस लाँगचे ६४ गुण, आणि हरलेल्या जीनेट ओल्सनचे ७६! नऊ राज्यांत तो टीव्हीवर दिसला.

पण या नियमांत निम्म्या मुलींना बास्केटवर नेम धरायलाच मिळत नसे. शिक्षणसंस्थांत मुलगा-मुलगी भेदभावाला बंदी घालणाऱ्या १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानंतर विद्यापीठांत मुलींचा खेळ वाढला, तो पाच जणींचा. आयोवानं सहा जणींचा खेळ १९९३ मध्ये थांबवला, ते योग्यच झालं. प्रेक्षक मात्र हलले नाहीत. १९८५ मध्येच आयोवा विद्यापीठात ओहायो स्टेटविरुद्ध २२,१५७ जण आले होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये फुटबॉलच्या मैदानावर ५५,६४६. पुढच्या एप्रिलमधली विद्यापीठांच्या राष्ट्रीय स्पर्धेची आयोवा–साउथ कॅरोलायना अंतिम लढत सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिली. पुरुषांची सुमारे १ कोटी ४८ लाखांनी.

क्लार्कच्या त्या संघाच्या सहायक प्रशिक्षक जॅन जेन्सन शाळेत सहा जणींचाच खेळ खेळलेल्या. १९८७ मध्ये त्यांची सरासरी सामन्याला ६६ गुणांची होती. २०२४ पासून त्या आयोवाच्या मुख्य प्रशिक्षक आहेत.