‘गाझी’चा अनिर्णित खटला

आमच्या मंठाळास समुद्र नाही. परंतु सिंहाचलमच्या नृसिंहामुळे विशाखापट्टणम् हे नाव आमच्या वाचकांस परके नसावे. त्याच बंदराच्या तोंडाशी १९७१ सालच्या ३ व ४ डिसेंबरमधील रात्री पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी नव्वदांहून अधिक माणसांसह बुडाली. ती कशाने बुडाली, याचा निकाल अद्यापि लागलेला नाही.

‘गाझी’ मूळची अमेरिकेची, दुसऱ्या महायुद्धातील ‘डायाब्लो’. १४ नोव्हेंबर रोजी कराची सोडून ती बंगालच्या उपसागरात आली, ती आपल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेच्या शोधार्थ. इकडे व्हाइस ॲडमिरल कृष्णन् यांनी ‘विक्रांत’ अंदमानात दडवून ती विशाखापट्टणम् जवळच असल्याचा आभास निर्माण केला होता. त्या रात्री बंदराबाहेर पडणाऱ्या ‘राजपूत’ या विनाशिकेस पाण्यात संशयास्पद खळबळ दिसली. तिने पाण्याखाली फुटणारे दोन बॉम्ब टाकले व ती पुढे निघून गेली. काही वेळाने प्रचंड स्फोट ऐकू आला. पुढे कोळ्यांना समुद्रावर तेलाचे तवंग आढळले.

‘राजपूत’ने ‘गाझी’ बुडविली, असे आपल्या आरमाराचे म्हणणे. स्वतः पेरलेल्या सुरुंगांनीच तिचा घात केला, असे पाकिस्तानचे. बॅटऱ्यांतील हायड्रोजन वायूचा भडका उडाला असावा, असेही काही जाणते म्हणतात. ‘राजपूत’चा जय आम्हांसही प्रियच आहे, पण दोन गोष्टी एकामागून एक घडल्या, एवढ्यावरून पहिली दुसरीचे कारण ठरत नाही, हे नुकती सनद घेतलेला वकीलही सांगेल.

अशा वेळी दप्तर मागवावे; तर पूर्व आरमारी विभागाचे ‘गाझी’विषयीचे कागद पूर्वीच नष्ट केले गेल्याचे २०१० साली उघडकीस आले. हाती असलेला पुरावा जो पक्ष पुढे आणीत नाही, त्यास तो प्रतिकूल असावा, असे मानण्याची मुभा १८७२ च्या पुरावा कायद्याचे ११४ वे कलम न्यायालयास देत असे. येथे तसे मानावयास आम्ही धजत नाही; आपल्या कचेऱ्यांत वाळवीपेक्षा साफसफाईनेच अधिक कागद खाल्ले आहेत. पण त्या कागदांवाचून आपलाच दावा दुबळा झाला, आणि आपले आप्त कशाने गेले हे जाणण्याचा मृतांच्या घरच्यांचा मार्गही खुंटला.

अमेरिका व रशिया या दोघांनीही ‘गाझी’ वर काढून देण्याची तयारी दाखविली होती. भारत सरकारने ती नाकारली. पाणबुडी आजही त्याच जागी तळाशी आहे.