संकेतसाहित्याचा आपत्कालीन नाश
शत्रूच्या हाती पडण्याचा धोका दिसताच संकेतयंत्रे, सांकेतिक किल्ल्या व संकेतपुस्तके नष्ट करण्याची शासकीय कार्यपद्धती. अमेरिकी नियमांत किल्ल्यांना अग्रक्रम असतो. यंत्र सापडले तरी चालू किल्लीवाचून संदेश उलगडू नये, हा हेतू. पूर्वी नौदलांची संकेतपुस्तके शिशाच्या जड बांधणीची असत, समुद्रात टाकताच बुडावीत म्हणून. तरीही १९१४ मध्ये ‘माग्डेबुर्ग’ या जर्मन क्रूझरवरील पुस्तके रशियनांना मिळाली व एक प्रत ब्रिटनला पोहोचली. २३ जानेवारी १९६८ रोजी उत्तर कोरियाने ‘प्वेब्लो’ हे अमेरिकी हेरजहाज पकडले. खलाशांनी घण-कुऱ्हाडी चालवल्या, कागद जाळले. पण साठाच इतका अवाढव्य होता की बरेच साहित्य शाबूत राहिले. मुळात धोक्याच्या ठिकाणी एवढे न्यावेच का, हा प्रश्न नियमांनी आधी विचारायला हवा होता.